जागा निवडा सूर्य पाहून

हवाई कसरतींचे फोटो घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले की बहुतेकांची तक्रार एकच असते. आभाळ पांढरंफटक आणि विमान म्हणजे काळा ठिपका. मग दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो, लेन्स लहान पडली असं ठरतं आणि मोठ्या लेन्सच्या किमतींची चौकशी सुरू होते. पण यातले पुष्कळसे फोटो कॅमेऱ्यामुळे नव्हे, उभं राहण्याच्या जागेमुळे फसलेले असतात. लेन्स भाड्याने मिळते, मित्राकडून उसनीही आणता येते. जागा ऐन वेळी कुणी देत नाही. ती आधी ठरवावी लागते आणि वेळेआधी जाऊन धरावी लागते.

मुंबईकरांच्या आठवणीतलं मोठं उदाहरण म्हणजे १२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत भारतीय हवाई दलाने मरीन ड्राइव्हसमोर केलेली प्रात्यक्षिकं. वेळ दुपारी बारा ते एक. सूर्यकिरण पथकाची हॉक विमानं, सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं, सुखोई-३०, सी-१३० हे मालवाहू विमान आणि आकाशगंगा पथकाचे छत्रीधारी असा भरगच्च कार्यक्रम होता. पुन्हा असं काही जाहीर झालं तर अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरहून निघणाऱ्याने नेमकं कुठे उभं राहावं, हे ठरवण्याची पद्धत इथे मांडली आहे. उदाहरण मरीन ड्राइव्हचं असलं तरी पद्धत कुठेही चालेल. चार प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने: सूर्य कुठे असेल, कार्यक्रमाचा मध्य कुठे आहे, विमान किती लांबून जाणार आणि वारा कुठून वाहतो.

पहिला प्रश्न: सूर्य कुठे?

सूर्य पाठीशी असला की विमानाच्या अंगावरचे रंग, पंखांवरच्या खुणा, कॉकपिटमधलं वैमानिकाचं शिरस्त्राण असं सगळं उजळून दिसतं आणि मागचं आभाळ निळं राहतं. सूर्य समोर असला की विमानाची सावलीतली बाजू आपल्याकडे येते आणि आभाळ पांढरं पडतं. नंतर संगणकावर कितीही खटाटोप केला तरी जो उजेड विमानावर पडलाच नाही, तो आणता येत नाही.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या मध्याला सूर्य दुपारी पावणेएकच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो आणि तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. म्हणजे २०२४ सारखी बारा ते एकची वेळ असेल तर अख्खा तास सूर्य दक्षिणेकडेच राहणार. एवढं कळलं की मरीन ड्राइव्हचा नकाशा वेगळा दिसू लागतो.

मरीन ड्राइव्हची दोन टोकं

हा रस्ता नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत वळत जातो. नरिमन पॉइंट दक्षिणेला, चौपाटी उत्तरेला आणि खाडीपलीकडे वायव्येला मलबार हिल. समुद्र सगळीकडून सारखाच दिसतो, पण दुपारचा उजेड मुळीच सारखा नसतो.

नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीएच्या बाजूला उभं राहून मलबार हिलच्या दिशेने पाहा. तोंड वायव्येला, दुपारचा सूर्य मागे. समोरून जाणारं प्रत्येक विमान उजळलेलं मिळतं. हिवाळी दुपारच्या कार्यक्रमासाठी मरीन ड्राइव्हवर याहून चांगली बाजू नाही.

मधला भाग, म्हणजे चर्चगेटसमोरचा कठडा आणि मरीन लाइन्सच्या आसपासचा पट्टा. इथे तोंड साधारण पश्चिमेला होतं आणि सूर्य डाव्या हाताला येतो. समोर आणि उजवीकडे टिपलेली विमानं चांगली येतील, डावीकडून येणारी काळवंडतील. इथे उभं राहायचं ठरलं तर डावीकडून येणारं विमान समोर येईपर्यंत बटण दाबायची घाई करू नका. ते उजवीकडे सरकू लागलं की त्याच्यावर ऊन येईल.

गिरगाव चौपाटी ऐसपैस. वाळूत बसायला जागा, पोरांना मोकळं सोडायची सोय. पण तिथून समुद्राकडे पाहिलं की तोंड दक्षिणेकडे आणि नैर्ऋत्येकडे होतं, म्हणजे थेट सूर्यात. दुपारी बाराच्या कार्यक्रमाला चौपाटी ही पाहणाऱ्यांची जागा आहे, फोटो काढणाऱ्यांची नव्हे. घरच्यांना वाळूत बसवून कुणी एकट्याने नरिमन पॉइंट गाठायचं ठरवलं तर त्यात गैर काही नाही. भेटायची जागा आणि वेळ तेवढी आधी ठरवून ठेवा, कारण गर्दीत फोन लागेलच याचा भरवसा नसतो.

मलबार हिलवरचं कमला नेहरू उद्यान अनेकांना सुचतं. उंचावरून मरीन ड्राइव्हची अख्खी कमान आणि तिच्यावरून जाणारी विमानं एकाच चौकटीत बसतील, ही कल्पना छानच आहे. पण दुपारी तिथूनही सूर्य समोरच्या बाजूला असतो आणि हिवाळ्यातला धुरकटपणा त्यात भर घालतो. तीन-चारनंतरचा कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सूर्य नैर्ऋत्येला झुकतो, मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर ऊन येतं आणि मलबार हिलवरून मागे शहर, पुढे विमान असा फोटो मिळू शकतो.

समुद्रासमोरच्या इमारतींच्या गच्च्याही डोळ्यांत भरतात. तिथे ओळखीचं कुणी राहत असेल तर सोसायटीची रीतसर परवानगी घेऊन जा. गच्चीचा खरा फायदा उंचीचा नाही, मोकळ्या दृष्टीचा आहे: दिव्याचे खांब, झाडं आणि हात वर करून धरलेले फोन मध्ये येत नाहीत.

वेळ बदलली की बाजू बदला

याच शहरात हेच गणित दुसऱ्या किनाऱ्यावर उलटं होतं. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या निमित्ताने गेट वे ऑफ इंडियासमोर संध्याकाळी नौदलाचे कार्यक्रम होत आले आहेत आणि त्यात हेलिकॉप्टरंही दिसतात. गेट वे पूर्वेच्या समुद्राकडे पाहतं. संध्याकाळी सूर्य पाठीमागे, शहराच्या बाजूला, त्यामुळे उजेड मऊ आणि पिवळसर मिळतो. फक्त उंच इमारतींची सावली कुठवर येते ते आदल्या दिवशी पाहून ठेवावं. खाली उभे असलेले आपण सावलीत असलो तरी चालतं. वर उडणाऱ्यावर ऊन असलं म्हणजे झालं.

आणि २०२३ सालचा नौदल दिनाचा मुख्य कार्यक्रम आठवा. तो सिंधुदुर्गात, मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. पश्चिमेचा समुद्र आणि वेळ संध्याकाळची. तिथे सूर्य समोरच येणार, किनाऱ्यावर कुठेही उभं राहिलं तरी सुटका नाही. अशा ठिकाणी विमानाचे रंग मिळवण्याचा हट्ट सोडावा आणि छायाकृती टिपाव्यात: तांबूस आभाळ आणि त्यावर विमानाचा स्वच्छ काळा आकार. त्यासाठी आकार ओळखू येईल अशा कोनाची वाट पाहायची. नाकासमोरून येणारं विमान छायाकृतीत नुसती रेघ दिसतं, बाजूने किंवा कललेलं असताना ते विमान दिसतं.

म्हणून कार्यक्रमाची बातमी वाचताना तारखेआधी वेळ वाचा. मग घरातून निघण्याआधीच फोनमधल्या नकाशावर ती जागा उघडा, उत्तर दिशा पाहा आणि त्या वेळी सूर्य कुठे असेल ते बोटाने दाखवता येतं का बघा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे आठवडाभर आधी त्याच वेळेला तिथे जाऊन उभं राहणं. आठवड्यात सूर्याची जागा फारशी बदलत नाही.

दुसरा प्रश्न: मध्य कुठे?

प्रत्येक हवाई कार्यक्रमाला एक मध्यबिंदू असतो. पाहुण्यांचा मंडप आणि निवेदकाचा मंच सहसा त्याच्या समोर असतो. वैमानिक आपल्या कसरती त्या बिंदूभोवती रचतात. दोन विमानं समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडतात ती तिथेच. सूर्यकिरण पथक धुराने आकाशात जो बदामाचा आकार काढतं, तोही तिथून पाहणाऱ्यासाठीच असतो. कडेला उभं राहिलं तर बदाम चेपलेला दिसतो आणि ओलांडणारी विमानं एकमेकांपासून बरीच लांब दिसतात.

पण कडेच्या जागेलाही स्वतःचे फायदे आहेत. मध्यावर विमान अगदी आडवं जातं, वेग जास्तीत जास्त जाणवतो आणि कॅमेरा फिरवताना हात मागे पडतो. टोकाला उभं राहिलं तर तेच विमान तिरकं, आपल्याकडे येताना दिसतं. नाक आणि एक पंख पुढे असा फोटो मिळतो, आणि चौकटीत ते हळू सरकत असल्यामुळे नेम धरणं सोपं जातं. शिवाय फेरी संपवून वळताना विमान कलतं आणि त्याचे पसरलेले पंख पुरते दिसतात. दमट समुद्री हवेत सुखोईने जोरात वळण घेतलं तर पंखांवर पांढऱ्या बाष्पाची चादर चढते. कसरतींच्या फोटोंत लोक ज्यासाठी जीव टाकतात ते हेच, आणि ते बहुधा वळणात मिळतं, सरळ फेरीत नाही.

म्हणून आधी काय हवंय ते ठरवा. बदाम, धुराचे पट्टे, नऊ विमानांची रचना हवी असेल तर मध्याजवळ, आणि लेन्स रुंद. एकेकट्या विमानाचे ठसठशीत फोटो हवे असतील तर सूर्य पाठीशी असलेलं टोक आणि लांब लेन्स. कार्यक्रम दोन-तीन दिवस असेल तर एक दिवस मध्य, एक दिवस टोक. मुख्य दिवसाआधी सराव उड्डाणं होतात, ती दिसली तर सोडू नका. कार्यक्रम जवळपास तोच, गर्दी बरीच कमी.

तिसरा प्रश्न: अंतर किती?

सोपा हिशेब आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी लेन्सच्या मिलिमीटरने भागा आणि विमानाच्या अंतराने गुणा. मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. ४०० मिलिमीटरची लेन्स असेल आणि विमान ५०० मीटरवर असेल तर चौकटीत ४५ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. सुखोई-३० सुमारे २२ मीटर लांब, म्हणजे ते निम्मी चौकट व्यापेल. हॉक साडेबारा मीटरच्या आत, म्हणजे पाव चौकटीहून थोडं जास्त. तेच विमान एक किलोमीटरवर गेलं की हे आकडे निम्मे होतात. लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यात तेवढ्याच लेन्सने विमान साधारण दीडपट मोठं भरतं, त्यामुळे हौशी कॅमेरा असणाऱ्यांनी उगीच खट्टू होऊ नये.

अंतराचा दुसरा शत्रू हवा. जानेवारीत मुंबईवर धुरकं असतं आणि दुपारी तापलेल्या डांबरावरून, वाळूवरून हवा थरथरते. विमान जितकं लांब, तितका हा पडदा जाड. किलोमीटरपलीकडची विमानं महागड्या लेन्सनेही मऊच येतात. म्हणून कठड्याजवळची, समुद्रालगतची जागा मिळाली तर उत्तम. रस्त्याच्या पलीकडे उभं राहिल्याने अंतर फारसं वाढत नाही, पण तापलेल्या डांबराचा पट्टा मधे येतो. समोरच्यांच्या डोक्यांची मात्र फार चिंता नको. विमानं बहुतेक वेळ वर असतात. डोकी आड येतात ती फक्त पाण्यालगतच्या खालच्या फेऱ्यांत.

फोनवर फोटो काढणाऱ्यांनी हा हिशेब उलटा वाचावा. फोनची लेन्स रुंद असते, म्हणून एकटं विमान ठिपकाच येणार. फोनने रचना, धूर, कठड्यावरची माणसं आणि मागचं शहर असा मोठा देखावा टिपावा. आकाशगंगाचे छत्रीधारी खाली उतरतात तेव्हा ते संथ असतात, फोनला सोपे जातात. ते कुठे उतरणार ती मोकळी जागा आधी हेरून ठेवा.

चौथा प्रश्न: वारा कुठून?

कसरती करणारी विमानं धूर सोडतात आणि तो वाऱ्याबरोबर सरकतो. समुद्रावरून वारा येत असेल तर पहिल्या दोन-चार फेऱ्यांचा धूर आपल्याच डोक्यावर येऊन आभाळ गढूळ करतो. कठड्यावरचे झेंडे पाहा आणि धूर जिकडे सरकतोय त्याच्या उलट बाजूला थोडं सरकता येतं का बघा. हा चौथा प्रश्न आहे, पहिला नव्हे; वाऱ्यासाठी सूर्याची बाजू सोडू नका.

आवाजाचंही एक भान ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान चारशे मीटर पुढे गेलेलं असतं. आवाजाच्या दिशेने मान वळवणाऱ्याला रिकामं आभाळ मिळतं. नजर आवाजाच्या पुढे टाकायची, किंवा सोबत एक जोडीदार घ्यायचा: एकाचा डोळा कॅमेऱ्याला, दुसऱ्याचे डोळे आभाळाला. समोरासमोरून येणाऱ्या दोन विमानांसाठी तर जोडीदार हवाच.

सराव घराजवळ

उपनगरात राहणाऱ्यांची चैन म्हणजे सरावासाठी तिकीट लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असताना, म्हणजे वर्षातला बराच काळ, विमानं पूर्वेकडून, घाटकोपरवरून उतरत येतात. उतरण्याचा कोन साधारण ३ अंशांचा, म्हणजे दर किलोमीटरला विमान सुमारे ५२ मीटर खाली येतं. घाटकोपर स्टेशनच्या आसपास ते डोक्यावर साधारण दीडशे मीटरवर असतं. गर्दीच्या वेळी एकामागून एक विमान येत राहतं, म्हणजे चुकलेला फोटो दुरुस्त करायची संधी काही मिनिटांत पुन्हा समोर.

इथेही पहिला प्रश्न तोच. ऑक्टोबर ते मार्च दुपारचा सूर्य दक्षिणेला. विमानांच्या वाटेच्या दक्षिणेला, म्हणजे विद्याविहार-कुर्ल्याच्या बाजूला उभे राहून उत्तरेकडे पाहिलं तर सूर्य पाठीशी येतो आणि विमानं उजवीकडून डावीकडे उजळलेली जातात. वाटेच्या उत्तरेला, असल्फ्याच्या टेकडीच्या बाजूला उंची आहे, पण हिवाळी दुपारी तिथून विमानं सूर्यात दिसतात. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेला जातो. शून्य सावलीचा दिवस मुंबईत मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो तो याचमुळे. तेव्हा बाजू उलटते, पण एव्हाना पाऊस दाराशी आलेला असतो. दोन्ही बाजूंना आठवड्याच्या अंतराने उभं राहून तेच विमान टिपून पाहा. सूर्याचा धडा पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतो.

अंधेरीकरांना मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असलेले दिवस हेरता येतील. तेव्हा वाहतूक दुसऱ्या, वायव्य-आग्नेय धावपट्टीवर वळते आणि विमानं अंधेरीच्या बाजूने जाऊ लागतात. एरवी मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेकडे उडालेली विमानं जुहूच्या दक्षिण टोकाकडून समुद्रावर जातात. जुहूच्या वाळूत सकाळी उभं राहिलं तर सूर्य पूर्वेकडून, शहराच्या बाजूने येतो आणि समुद्रावरचं विमान उजळतं. संध्याकाळी तीच जागा छायाकृतींची होते. जुहूशी विमानांचं नातं जुनंच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच.

बोरिवली आणि मुलुंडवरून विमानं उंचावरून जातात, पण तिथे घारी आहेत. घार वाऱ्यावर कलते, वळते, अचानक खाली येते, आणि तिचा पाठलाग करताना हाताला जे वळण लागतं तेच सुखोईला कामी येतं. बोरिवलीकरांनी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला, मुलुंडकरांनी भांडुप पंपिंग स्टेशनच्या खाडीकाठी जावं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात. रांगेत उडणारा थवा चौकटीत सगळाच्या सगळा बसवणं हा नऊ विमानांच्या रचनेचा चांगला सराव.

कॅमेऱ्याची मांडणी

जागा ठरली की हे काम थोडक्यात उरकतं. जेट विमानांसाठी शटर १/१००० ते १/२००० सेकंद. हेलिकॉप्टर आणि सी-१३० सारख्या पंख्याच्या विमानांसाठी मात्र १/१२५ ते १/३२० पर्यंत खाली या, नाहीतर पंखे गोठलेले दिसतात आणि विमान जणू हवेत टांगलेलं वाटतं. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा. आभाळ उजळ असल्याने कॅमेरा विमान काळं करतो, म्हणून उजेड थोडा वाढवून ठेवा. सूर्य पाठीशी असेल तर ही वाढ कमी करा, नाहीतर पांढरा धूर जळून जाईल. फोटो रॉ स्वरूपात काढा. तिपाई गर्दीत अडचण होते आणि वरच्या फेऱ्यांना निकामी, घरीच ठेवा. समुद्राचे खारे तुषार काचेवर बसतात, म्हणून मऊ फडकं खिशात असू द्या.

पोहोचणं आणि परतणं

बोरिवली-अंधेरीहून चर्चगेट लोकल सरळ आहे. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो ३ पकडली की थेट चर्चगेट किंवा विधान भवन स्थानक. नरिमन पॉइंटच्या टोकासाठी विधान भवन जवळचं. अंधेरीकरांनाही हाच मार्ग चालतो. मुलुंडकर सीएसएमटीला उतरून मेट्रो ३ घेऊ शकतात. रविवारी निघायचं तर आदल्या रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहा. २०२४ मधला तिसरा दिवस रविवारच होता. गाडी घेऊन जाऊ नका; अशा दिवशी रस्ते बंद असतात आणि गाडी उभी करायला जागा शोधण्यातच कार्यक्रम संपतो.

चांगली जागा हवी तर दीड-दोन तास आधी पोहोचा, आणि तेवढा वेळ उन्हात काढायची तयारी ठेवा. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कार्यक्रमाला लोटलेल्या गर्दीत आणि उन्हात पाच जणांचा मृत्यू झाला. पुरेसं पाणी, टोपी, डब्यात काहीतरी खायला आणि सोबत वृद्ध किंवा लहान मुलं असतील तर गर्दीतून बाहेर पडायची वाट, एवढं ठरवूनच जागा धरा. कार्यक्रम संपताच स्टेशनकडे धावू नका. अर्धा तास कठड्यावर बसा, पहिला लोंढा जाऊ द्या.

कठड्याखालच्या टेट्रापॉडवर उतरणं जिवावरचं आहे. ते निसरडे असतात आणि त्यांच्या फटीत पाय अडकतो. कोस्टल रोडवर गाडी थांबवून फोटो काढणं तर सोडूनच द्या.

हद्द ओळखा

आभाळातल्या विमानाचा फोटो सार्वजनिक जागेवरून काढणं एक, विमानतळाच्या आवारात किंवा कुंपणाला चिकटून काढणं दुसरं. विमानतळाच्या भिंतीवर, लगतच्या कुणाच्या पत्र्यावर चढू नका. सुरक्षा रक्षकाने हटकलं तर वाद न घालता निघा. कुलाब्यातला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आणि गोदी यांच्या दिशेने लेन्स वळवू नका. रेल्वेच्या पुलांवर आणि फलाटांवर कॅमेरा लावून उभं राहणं टाळा. आणि ड्रोन अजिबात नको: कसरतींच्या आकाशात उडणारं एक ड्रोन वैमानिकाचा जीव घेऊ शकतं. झोपडपट्टीच्या किंवा चाळीच्या गल्लीतून फोटो काढायचा असेल तर आधी तिथल्या माणसांशी बोला. कॅमेरा त्यांच्या दारात नाही, आभाळात रोखलाय, हे त्यांना कळलं की बहुधा तेच चांगली जागा दाखवतात.

दोन जागांत मन अडलं तर

प्रत्यक्षात चारही प्रश्नांना मनासारखं उत्तर देणारी जागा क्वचितच सापडते. मंडपासमोर, मध्यावर, अगदी जवळ एक जागा मिळते, पण सूर्य डोळ्यांत. दुसरी जागा टोकाला, थोडी लांब, पण सूर्य पाठीशी. अशा वेळी दुसरी घ्या. लांबचं विमान घरी कातरून मोठं करता येतं, थोडा तीक्ष्णपणा जाईल एवढंच. पण उन्हाविना काळवंडलेल्या विमानाला शेपटीवरचा तिरंगा परत मिळवून देता येत नाही. अपवाद एकच: संध्याकाळ असेल आणि आभाळ रंगणार असेल तर सूर्य समोर घ्या, पण तो आपणहून घ्या, नाइलाज म्हणून नव्हे.